नऊ दिवस

कांहीं विषय असे असतात कीं, ते कुलीन घरांतून बोलले जात नाहींत. आणि बोलले जात नाहींत म्हणून ते तेथें घडतहि नाहींत, अशी सर्वांची सोयीची समजूत होऊन बसते. आम्हीहि आयुष्याचीं साठ वर्षें याच समजुतीच्या छायेंत काढलीं. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृत तेवढें वडिलांपाशीं व पुढें पाठशाळेंत झालें, आणि त्याच पुंजीवर परभणी जिल्ह्यांतील एका शाळेंत तीस वर्षांहून अधिक काळ मुलांकडून शब्द व धातु पाठ करून घेण्याचें काम केलें. कोणता शब्द कोठें योजावा हें शिकविणें हा आमचा धंदा. परंतु ज्या दिवशीं एका शब्दावर एका जिवाचा आधार अवलंबून होता, त्या दिवशीं आमच्या तोंडून नेमका नको तो शब्द गेला. त्या चुकीची ही हकीकत आहे. ती लिहिण्यास आम्हांस लाज वाटते. पण न लिहिण्याची लाज तिच्याहून मोठी आहे.

गंगाखेड तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं आमचा जुना वाडा आहे. थोरले बंधु, वहिनी, आम्ही उभयतां, धाकट्या भावाचीं माणसें असा बारा जणांचा संसार अद्याप एका चुलीवर चालतो. थोरल्या बंधूंची कन्या परभणीस खोली घेऊन शिकत होती. त्या शहरांत आमच्या नात्यांतले एक गृहस्थ राहतात. वयानें प्रौढ, बोलण्यांत गोड, घरीं देवधर्म यथासांग. "परक्या गांवीं आपलें माणूस असावें, सणावारीं, अडीअडचणीस त्यांच्याकडे जात जा," असें त्या मुलीस आम्हींच सांगितलें होतें. आम्हींच, दुसऱ्या कोणीं नव्हे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

कांहीं वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांतील एका गुरुवारीं, दिवेलागणीच्या सुमारास, ती न कळवितां घरीं आली. आम्ही ओसरीवर पंचांग पाहत बसलों होतों. ती पायरीवरच उभी राहिली. चपला काढल्या नाहींत, हातांतली पिशवी खालीं ठेविली नाहीं. म्हणाली, "काका, त्यांनीं माझ्यावर बळजबरी केली." नांव तिनें पुढच्या श्वासाला घेतलें. आणि आम्हीं काय विचारावें? "पण त्या घरीं तूं एकटी कशाला गेलीस?"

ती आमच्याकडे क्षणभर पाहत राहिली. त्या पाहण्यांत राग नव्हता. एखादें दार ढकलून पाहावें, तें आंतून बंद आहे असें कळावें, आणि माणसानें मुकाट्यानें मागें फिरावें, तशी ती आमच्यापासून फिरली व आंत गेली.

आंत आमचें कुटुंब देवापाशीं दिवा लावीत होतें. तिचें शिक्षण सातवीपर्यंतचें. तिनें सगळें ऐकून घेतलें, मध्यें एकहि प्रश्न विचारला नाहीं, आणि एवढेंच म्हणाली, "बरें केलेंस बाई, सांगितलेंस. यांत तुझें कांहीं एक चुकलेलें नाहीं. आतां तुला काय हवें तें सांग." पोरीला अंग धुवावयाचें होतें. पाणी तापविलें गेलें, कपडे धुतले गेले. ते कपडे तसेच जपून ठेवावयास हवे होते, हें त्या वेळीं आमच्या घरांत कोणासच ठाऊक नव्हतें.

रात्रीं माजघरांत वडील माणसें बसलीं. थोरले बंधु म्हणाले, "ही गोष्ट या चार भिंतींबाहेर जातां कामा नये. पोरीचें लग्न व्हायचें आहे." वहिनी रडत होत्या. धाकटा भाऊ त्या गृहस्थांच्या घरीं जाऊन हातापायी करण्याच्या गोष्टी बोलत होता. एकानें मुलीची अब्रू, दुसऱ्यानें घराची अब्रू काढली. प्रत्येकाजवळ कांहींना कांहीं बोलावयाचें होतें. जिच्यासंबंधानें हा विचार चालला होता ती शेजारच्या खोलींत जागी होती, आणि तिला विचारावें असें आम्हां चौघांपैकीं एकासहि सुचलें नाहीं. आम्हीं बंधूंच्या म्हणण्यास मान डोलविली. असे नऊ दिवस गेले.

या नऊ दिवसांत आम्हांस आमच्या आत्यांची आठवण होत राहिली. परभणी जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. १९४८ च्या सप्टेंबरांत हिंदी फौजा आल्या आणि १७ तारखेस तें राज्य संपलें. त्यापूर्वींच्या धामधुमींत रझाकारांच्या धाडींना भिऊन सरहद्दीपलीकडे गेलेल्या असंख्य कुटुंबांत आमचेंहि एक होतें. वाटेंत चुकामूक होऊन सतरा-अठरा वर्षांच्या आत्या तीन दिवस मागें राहिल्या. त्या परत आल्या. परंतु त्या तीन दिवसांविषयीं घरांत कधीं कोणीं शब्द काढला नाहीं. त्यांचें लग्न झालें नाहीं. मागच्या खोलींत वाती वळीत, डाळी निवडीत त्यांनीं उभा जन्म काढला. निजतांना पाठ भिंतीशीं लागलेलीच असे, व दिवा मालवूं देत नसत. आम्ही मुलें त्यांना हंसत असूं. १९९६ सालीं त्या वारल्यावर आमच्या मातोश्रींनीं आम्हांस खरें कारण सांगितलें. जवळजवळ पन्नास वर्षें एक माणूस आमच्या घरांत दुःख गिळून बसलें होतें, आणि आम्हीं त्यास स्वभाव समजलों. येथें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्या वर्षीं असा प्रसंग एकाच समाजाच्या बायकांवर आला नाहीं. पोलिस कारवाईनंतर याच मराठवाड्यांत निरपराध मुसलमान स्त्रियांवर काय ओढवलें, त्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीनें करून ठेविली आहे. त्यांच्याहि घरांत मागच्या खोल्या असतीलच.

दुसरी आठवण झाली ती परळच्या रुग्णालयाची. ती गोष्ट महाराष्ट्रांत बहुतेकांस ठाऊक आहे. तरी ती या अंगानें पुन्हां वाचण्यासारखी आहे. अरुणा शानबाग ही उत्तर कानड्यांतील हळदीपूरची मुलगी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथल्याच एका सफाई कामगारानें तिच्यावर अत्याचार केला व कुत्र्याच्या सांखळीनें तिचा गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. ती जगली, पण पुन्हां कधीं शुद्धीवर अशी आली नाहीं. आरोपीवर खटला झाला तो चोरीचा व खुनाच्या प्रयत्नाचा. अत्याचाराचा आरोप त्यांत नव्हताच. तिचा विवाह ठरलेला होता, तिची बदनामी होऊं नये, अशा सद्‌भावनेनें ती बाजू झांकली गेली, असें तिची कहाणी लिहिणाऱ्या पिंकी विराणी यांनीं नोंदविलें आहे. त्या माणसास सात वर्षांची शिक्षा झाली. ती भोगून तो सुटला. ज्या पांघरुणानें तिला झांकावयाचें म्हटलें होतें, त्याची ऊब अखेर कोणास मिळाली, हें वाचकांनींच पाहावें.

परंतु याच गोष्टीस दुसरी बाजू आहे, आणि तिच्यासाठींच आम्ही ती सांगत आहों. त्या रुग्णालयाच्या परिचारिकांनीं अरुणेस टाकलें नाहीं. १९७३ पासून १८ मे २०१५ रोजीं न्यूमोनियानें तिचा अंत होईपर्यंत, एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्यांनीं तिला भरविलें, न्हाऊं घातलें, कुशीवर वळविलें. ज्यांनीं तिला चालतांबोलतां पाहिलें होतें त्या निवृत्त झाल्या. ज्या तिच्या अपघातानंतर जन्मल्या त्याहि आपली पाळी आली कीं तिच्यापाशीं जात. इतक्या वर्षांत तिच्या पाठीस एकहि शय्याव्रण झाला नाहीं. तिला दयामरण द्यावें या अर्जावर ७ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, तेव्हां तिच्या वतीनें बोलण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न निघाला. न्यायालयानें सांगितलें, जे रोज तिची सेवा करतात त्या रुग्णालयाच्या माणसांचा. अर्ज नामंजूर झाला.

नवव्या रात्रीं आमच्या कुटुंबानें आम्हांस विचारलें, "त्या नर्सबाया तिच्या कोण होत्या? कोणी नव्हत्या. आणि आपण हिचे कोण आहोंत?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. सकाळीं आम्ही मुलीच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसलों आणि म्हणालों, "बाळ, मीं त्या दिवशीं विचारलें तें विचारावयास नको होतें. तुला त्या घरीं मींच धाडलें होतें. तूं एकटी गेलीस हा गुन्हा नव्हे. त्यानें केला तो गुन्हा. मला क्षमा कर." वयानें वडील माणसानें लहानाची क्षमा मागण्याची चाल आमच्या घरांत नव्हती. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला पोलिसांत जायचें आहे. तुम्ही याल का, काका?"

आम्ही गेलों. थोरले बंधु आले नाहींत. दवाखान्यांतील बाईंनीं फार मायेनें विचारपूस केली, आणि शेवटीं इतकेंच म्हणाल्या, "थोडें आधीं आलां असतां तर बरें झालें असतें." नको ती गर्भधारणा टाळण्याच्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत, फार तर पांच दिवसांत, द्यावयाच्या असतात. एच.आय.व्ही.चा संसर्ग टाळण्याचें औषध ७२ तासांच्या आंत सुरू करावें लागतें. शरीरावरील व कपड्यांवरील पुरावा दिवसागणिक नाहींसा होतो. हें सर्व आमच्या माजघरांतील मसलतींत वाहून गेलें होतें. पुढें कित्येक महिने रक्ताच्या तपासण्यांची वाट पाहत त्या पोरीनें रात्री काढल्या. तपासण्या निर्मळ निघाल्या, ही ईश्वराची कृपा. पण ते महिने आमच्या खात्यावर लिहिले गेले ते गेलेच.

म्हणून जें आम्हांस ठाऊक नव्हतें तें येथें सांगतों. अशा प्रसंगीं कोणत्याहि रुग्णालयानें, सरकारी असो वा खाजगी, विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. 'आधीं फिर्याद आणा' असें त्यास म्हणतां येत नाहीं. तपासणी स्त्रीच्या संमतीनेंच होते. 'दोन बोटांची' म्हणून जी अपमानकारक परीक्षा पूर्वीं चाले, ती सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं अयोग्य ठरविली व २०२२ सालीं पुन्हां कडक शब्दांत निषेधिली. घटना कोठेंहि घडो, फिर्याद कोणत्याहि ठाण्यांत नोंदवितां येते. जबानी स्त्री अधिकाऱ्यानें घ्यावयाची असते, आणि ती पीडितेच्या घरीं किंवा ती सांगेल त्या ठिकाणीं घेतां येते. तिचें नांव छापणें वा प्रसिद्ध करणें हा गुन्हा आहे. खटला बंद दाराआड चालतो. फिर्यादीस उशीर झाला एवढ्यावरून ती खोटी ठरत नाहीं. घरच्या अब्रूच्या विचारानें असा उशीर होतो, हें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालींच ओळखलें आहे. महाराष्ट्र शासनाची 'मनोधैर्य' योजना २०१३ पासून असून जिल्हा विधि सेवा प्राधिकरणामार्फत आर्थिक साहाय्य मिळूं शकतें. तातडीच्या मदतीस ११२, स्त्रियांसाठीं १८१, लहान मुलांसाठीं १०९८ व मनाच्या व्यथेसाठीं १४४१६ हे क्रमांक आहेत. आणि पीडित मूल अठरा वर्षांच्या आंतील असेल, मुलगी असो वा मुलगा, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणें ती गोष्ट कळविणें बंधनकारक आहे. तेथें घरच्यांस मौनाची मोकळीकच नाहीं.

हे नियम आकाशांतून पडलेले नाहींत. १९७२ च्या मार्चमध्यें तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांत देसाईगंजच्या पोलिस ठाण्यांत एका पोरक्या आदिवासी मुलीवर दोन शिपायांनीं अत्याचार केल्याचा खटला झाला. खालच्या न्यायालयानें त्यांस सोडलें, नागपूरच्या खंडपीठानें दोषी ठरविलें, आणि १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां सोडलें. कारण काय, तर मुलीच्या अंगावर जखमा नाहींत, तिनें आरडाओरडा केलेला दिसत नाहीं. त्या निकालावर उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार व वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनीं न्यायालयास खुलें पत्र लिहिलें. त्यावरून देशभर चळवळ उठली व १९८३ सालीं कायदा बदलला. बंद दाराआड सुनावणी व नांव गुप्त ठेवणें हीं कलमें त्या वेळचीं. ज्या मुलीस स्वतःस न्याय मिळाला नाहीं, तिच्यामुळें आमच्या मुलीस कोर्टांत आडोसा मिळाला. हें ऋण कोणत्या श्राद्धानें फिटावें?

फिर्याद झाल्यावर गांवांत व नात्यांत जें व्हावयाचें तें झालें. दोन घरांनीं येणें-जाणें तोडलें. एका मुंजीचें आमंत्रण आलें नाहीं. एक वृद्ध आप्त मोठ्या आस्थेनें येऊन म्हणाले, "झालें तें झालें, एखादें प्रायश्चित्त, शांति करून घ्या, म्हणजे पोर शुद्ध होईल." आम्हीं त्यांस नम्रपणें सांगितलें कीं, जिच्यावर बलात्कार झाला किंवा जी चोरांच्या हातीं सांपडली तिचा त्याग करूं नये, असें वसिष्ठाच्या धर्मसूत्रांत स्पष्ट आहे, आणि शुद्धीची गरज असेलच तर ती आम्हांस आहे, कारण नऊ दिवस आम्ही अन्यायाच्या बाजूस बसलों होतों. धर्मशास्त्रांत सर्वच वचनें अशीं उदार आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण जीं उदार आहेत तीं आम्हीं पाठ करून पोथींतच ठेविलीं, आणि घरांत मात्र आत्यांची मागची खोली चालूं ठेविली, ही आमची विद्या!

आतां सोबत कशी करावी, याविषयीं दोन शब्द. तेंहि आम्ही चुकत चुकतच शिकलों. आरंभीं आम्हीं तिला क्षणभर एकटें सोडलें नाहीं. अंगणांत गेली तरी कोणी मागें, दुकानांत गेली तरी कोणी बरोबर. एके दिवशीं ती म्हणाली, "काका, मला राखण नको, सोबत हवी." दोहोंतला भेद आम्हांस कोशांत सांपडला नसता. त्यानंतर आम्ही विचारूं लागलों: येऊं का, बसूं का, कीं जाऊं? तिच्या खोलीस आंतून कडी बसविली. पाठीमागून येतांना खांकरावें, दचकली तर 'काय झालें' म्हणून घोळका करूं नये, झोप लागली नाहीं तर दिव्याविषयीं बोलूं नये, असे लहान लहान नियम घरांत आपोआप पडले. झालेली हकीकत तिनें होऊन सांगितली तर ऐकावी. आपण उकरून काढूं नये. आज हंसली म्हणून 'विसरली' समजूं नये, व उद्यां रडली म्हणून 'पुन्हां बिघडलें' असेंहि समजूं नये. परभणीस एका समुपदेशक बाईंकडे ती दर आठवड्यास जाई. आम्ही बाहेर बांकावर बसत असूं. आंत काय बोलणें झालें हें विचारावयाचें नाहीं, हा आमच्या कुटुंबाचा हुकूम.

थोरले बंधु दीड वर्ष मुलीशीं नीट बोलले नाहींत. ते दुष्ट नव्हेत. भ्यालेले होते, आणि आपण बाप असून राखूं शकलों नाहीं ही टोंचणी त्यांस तिच्याकडे पाहूं देत नव्हती. साक्षीच्या दिवशीं मात्र पहाटे उठून, स्नान करून, टोपी घालून ते पायरीवर येऊन उभे राहिले. कोणी कांहीं बोललें नाहीं. एस.टी.त ते तिच्या शेजारीं बसले. कोर्टाच्या आवारांत तिच्यासाठीं चहा घेऊन आले. त्या दिवशीं तिला अडीच तास उभें राहून उत्तरें द्यावीं लागलीं. बाहेर आली तेव्हां ती थरथरत होती. बंधूंनीं एवढेंच विचारलें, "बसतेस का जरा?" आमच्या घराण्यांत कोणीं इतका योग्य प्रश्न विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

खटल्याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. त्या गृहस्थांच्या घरीं देवधर्म पूर्वींप्रमाणेंच यथासांग चालतो, असें ऐकतों. निकाल काय लागेल तें आमच्या हातीं नाहीं. मुलीनें शिक्षण पुरें केलें. ती आतां नोकरी करते. कांहीं रात्रीं दिवा अजून जळतो. लग्नाविषयीं घरांत कोणी बोलत नाहीं; तो विषय काढावयाचा तर तिनें काढावा, असें ठरलें आहे.

हा लेख आम्हीं प्रथम तिला वाचावयास दिला. तिनें दोन परिच्छेद खोडले. ते कां खोडले हें आम्हीं विचारलें नाहीं. एका ठिकाणीं आम्हीं 'बिचारी' असा शब्द घातला होता, तोहि तिनें पेन्सिलीनें काढून टाकला, आणि समासांत लिहिलें, "काका, हा शब्द आत्याआजींसाठींहि नको." आम्हीं तो दोन्ही ठिकाणीं गाळला आहे.

वाचकहो, ईश्वर करो आणि आपल्या पायरीवर कोणी असें येऊन उभें न राहो. पण राहिलेंच तर त्या पहिल्या क्षणीं 'कशाला' हा शब्द तोंडाबाहेर पडूं देऊं नये. प्रश्न विचारावयाचाच तर एकच विचारावा: "तुला काय हवें?" आणि मग गप्प बसून उत्तराची वाट पाहावी, मात्र ती वाट नऊ दिवसांची होऊं देऊं नये.